राखीव विमान कुठे आहे?

(दृश्य : जळगाव विमानतळ, कुसुंबे शिवार. उन्हाळ्यातली दुपार.)

एटीआर ७२ जातीचं विमान धावपट्टीवरून वळून थांबलंय. उजवीकडचा पंखा स्थिर दिसतो, पण इंजिनाचा आवाज येतोच आहे. या विमानाला जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून उजवं इंजिन चालू ठेवायचं आणि पंखा ब्रेक लावून रोखायचा, अशी सोय त्यात केलेली आहे. आतले दिवे आणि थंड हवा त्यावरच चालते.

प्रवासी मागच्या दाराने उतरतात. तेवढ्यात एक जण विमानाभोवती फेरी मारतो. टायरवर काप गेलाय का, पंख्याच्या पात्याला खडा लागून टवका उडालाय का, चाकांच्या खोबणीत कुठे तेल पाझरतंय का, हे सगळं नजरेखालून घालतो. अर्ध्या तासात विमान पुन्हा निघायचं असतं.

याच विमानाने सकाळपासून दोन-तीन गावं केलेली असतात. सकाळी गोव्यात चाक बदलायला तास गेला, तर तो तास दुपारी जळगावला पोचतो. संध्याकाळपर्यंत वैमानिकांच्या ड्यूटीची मुदत संपत येते आणि एक फेरी कापावी लागते.

भुसावळच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. लोको शेडमध्ये कोणतं इंजिन कधी तपासणीला घ्यायचं, कोणतं पीओएचला, म्हणजे ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला पाठवायचं, हे आधीच ठरलेलं असतं. काही इंजिनं शेडमध्येच राहणार, हे धरूनच गाड्या लावतात. विमान कंपनीलाही तेच करावं लागतं. पण पाच विमानं असतील आणि पाचही वेळापत्रकात गुंतवली असतील, तर त्यातलं एक हँगरमध्ये गेल्यावर उरलेल्या चारांवर ओढाताण होते. बदलीला राखीव विमान उरत नाही.

प्रत्येक बिघाडाने विमान थांबतंच असं नाही. कोणती वस्तू बंद असताना उडायला हरकत नाही, याची मंजूर यादी असते. तिला एमईएल म्हणतात. एखाद्या वस्तूला ३ दिवस, एखादीला १०, काहींना १२० दिवसांची मुदत असते. मुदत संपेपर्यंत सुटा भाग आला नाही, तर विमान जागचं हलत नाही. नियम बरोबरच आहे. असं रद्द झालेलं विमान मला उशिरा आलेल्या विमानाइतकंही खटकत नाही. खटकतं ते एवढंच, की भाग वेळेवर मागवला असता तर ही वेळ आली नसती.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली, तेव्हा इंजिनं मिळत नाहीत हेच कारण कंपनीने पुढे केलं. पुढे त्याच बनावटीच्या इंजिनांचे भाग ज्या धातूच्या भुकटीपासून बनतात, तिच्यात दोष सापडला आणि इंडिगोची डझनावारी विमानं तपासणीसाठी उभी राहिली. इंडिगोकडे शेकडो विमानं होती, काही भाड्यानेही आणता आली, म्हणून सेवा तगली.

जळगावने बरंच पाहिलंय. डिसेंबर २०१७ मध्ये उडान या केंद्राच्या छोट्या गावांना विमानसेवा देणाऱ्या योजनेतून एअर डेक्कनचं १९ आसनी बीचक्राफ्ट मुंबईहून आलं. ते टिकलं नाही. २०१९ मध्ये ट्रूजेटचं एटीआर आलं. आज ती कंपनीच उडत नाही. २०२४ मध्ये फ्लाय ९१ आली, अलायन्स एअर आली. बंद पडण्यामागे पैशाची कारणंही मोठी असतात, सगळा दोष देखभालीचा नव्हे. पण मुंबईला दवाखान्याची तारीख घेऊन निघालेल्या माणसाने विमान रद्द झालं की रात्रीची रेल्वे धरायची, आणि तीही रिझर्व्हेशनशिवाय. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा विमानाचं तिकीट काढत नाही. मग जागा रिकाम्या जातात आणि कंपनी म्हणते, जळगावला मागणी नाही.

नवी सेवा सुरू झाली की सत्कार होतात, फीत कापतात आणि भाडं विचारतात. खान्देशातल्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, लोकप्रतिनिधींनी त्याच दिवशी आणखी विचारावं : राखीव विमान आहे का, आणि ते कोणत्या गावी उभं असतं? रात्रीचा मुक्काम जळगावला ठेवाल का? मुक्काम इथे असेल तर सकाळची पहिली फेरी तरी दुसऱ्या गावच्या उशिरावर अवलंबून राहणार नाही. त्यासाठी इथे परवानाधारक इंजिनियर, जादा चाकं, इंजिन ऑइल आणि सुट्या भागांची एक खोली लागेल.