गच्चीवरची लवंगी, घरचं बी

(दृश्य: पांढरा कागद, त्यावर झटकलेलं मिरचीचं पान)

हा कागद नीट बघा. पानाला वरून टिचकी मारली आणि कागदावर ही जी पिवळसर बारीक पळापळ सुरू झाली ना, ते फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. जेमतेम एक मिलिमीटरचे. पानावर पटकन दिसत नाहीत, आणि म्हणूनच रोप आकसलं की लोक 'बोकड्या आला' म्हणतात आणि उपटून टाकतात, नाहीतर दुकानातून मिळेल ते औषध आणून मारतात. सांगलीत विश्रामबागेतल्या या गच्चीवर तसलं औषध येतच नाही. इथल्या काकू रोज सकाळी चहा झाला की झाडापाशी बसून पानं उलटी करून बघतात.

"मारायचं नाही म्हटल्यावर बघावं तर लागणारच की हो."

पान कडेनं वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे. खाली वळलं आणि देठ लांबला तर कोळी नावाची बारीक कीड. आणि पानं बारीक होऊन झाडच खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस, त्याला कुठलंच औषध नाही, अगदी दुकानातलंसुद्धा नाही. ते झाड उपटायचं, पिशवीत बांधायचं आणि बाहेर. तिथं माया करून चालत नाही, शेजारची चार झाडं जातात.

(दृश्य: घमेली, माती कालवणारे हात)

आता माती. हा शॉट लांब ठेवलाय कारण निम्मं काम इथंच होतं. कृष्णाकाठची काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत नुसती तीच भरली तर पाणी धरून बसते, वाळली की भेगा पडतात, आणि मिरचीच्या मुळाला साचलेलं पाणी अजिबात चालत नाही, झाड बघता बघता मान टाकतं. म्हणून एक घमेलं काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत काकूंच्या मुठीतून कसं भुरभुर सुटतंय बघा, असं मोकळं आणि काळपट झालेलंच पाहिजे. कच्चं घातलं तर त्यातनं हुमणी येते, आणि हुमणी म्हणजे काय ते इथल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारा, मुळंच कुरतडून टाकते.

कुंड्या विकत आणायची गरज नाही. या पेंटच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या आहेत, बुडाला भोकं पाडलेली. वर उसाचं पाचट, बोटभर तुकडे करून, खोडापासून जरा लांब. आपल्याकडं तोडणी झाली की हेच पाचट फडात पेटवून देतात, आम्हाला ते बघवत नाही. पेटवायच्या आधी एक पोतं मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. पाचट घातलं की माती तापत नाही, पाणी कमी लागतं आणि सहा-आठ महिन्यांत त्याचंच खत होतं.

बी पडतं गणपती झाले की. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी ट्रेमध्ये, अर्धा सेंटिमीटर खोल. ८ ते १० दिवसांत उगवतं. या टप्प्याला पाणी जास्त झालं की रोपं बुडातून कोलमडतात, म्हणून ट्रेच्या मातीत आधीच ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, कालवायची आणि पाणी फक्त शिंपडायचं. ३५-४० दिवसांत रोप वीतभर झालं की संध्याकाळी बादलीत लावायचं. ऊन रोज सहा तास तरी पाहिजे.

(दृश्य: मिक्सर, फडकं, स्प्रे पंप)

फवारणी आहे, नाही असं नाही, पण ती घरची. मे-जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवलेल्या. ५० ग्रॅम भरड करून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळायचं, किंचित साबण, की झाला ५ टक्के अर्क. मारायचा मात्र ऊन उतरल्यावर, कारण उन्हानं त्यातला कडू अंश लवकर मोडतो, आणि पानाच्या खालच्या बाजूला, किडे तिथंच असतात.

हा कठड्यावरचा बुलबुल पिकलेली लवंगी गिळतोय. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांनी १६ व्या शतकात इकडं आणली, आणि तिकडच्या रानात तिचं बी पक्षीच पसरवतात. काकू त्याला हाकलत नाहीत.

(दृश्य: फांदीवर मलमलची पिशवी)

आणि ही पिशवी, जिच्यासाठी हा व्हिडिओ केला. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाशी दुसऱ्या झाडाचे परागकण आणतेच, आणि इथं लवंगीशेजारी ज्वाला आणि ढबू आहे. यंदाच्या मिरचीत फरक पडत नाही, फरक पडतो तिच्या बियातून पुढं येणाऱ्या झाडात. म्हणून कळ्या उमलायच्या आधी एक फांदी पिशवीत, अधूनमधून फांदीला टिचकी, फळ धरलं की पिशवी काढून खुणेचा दोरा. ती मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायची, खायची नाही. हायब्रीडच्या पाकिटातलं बी असं धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. देशी वाणच पाहिजे, आणि तो घराघरात धरला तरच टिकेल असं आम्हाला मनापासून वाटतं.

हिरवी मिरची विकत आणणं या घरात बंद झालंय. वर्षाच्या चटणीला मात्र बेडगी-संकेश्वरी बाजारातूनच येते.

बी सावलीत वाळवून, राख लावून काचेच्या बाटलीत, वर वाण आणि महिना. दोनेक वर्षांत वापरायचं, नंतर उगवण घटते. मागायला येणारे वाढलेत, काकू कुणाला नाही म्हणत नाहीत, पैसे घेत नाहीत. फक्त पुढच्या हंगामाला तेवढंच बी परत आणून द्यायचं, तेही पिशवी बांधून धरलेलं.