लाईन गेली, करंट नाही गेला

नमस्कार श्रोतेहो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आपण नागपूरकर विसरलेलो नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेतल्या घरांत शिरलं. माझी मावशी तिथंच, नदीपासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर राहते. उजाडता उजाडता मी पोचलो आणि दारातच थबकलो. हॉलमध्ये गुडघाभर पाणी, त्यावर चपला तरंगतायत, अन् वर छताला पंखा गरगर फिरतोय. मावशी दिवाणावर उभी. म्हणते, "काही होत नाही रे, ये आत. लाईन तर रात्रीच गेली!"

लाईन गेली होती हे खरं. पंखा इन्व्हर्टरवर चालला होता.

तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, पण हा गैरसमज अजून घरोघरी भेटतो. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी इन्व्हर्टरमधून बाहेर निघतात ते २३० व्होल्टच. खांबावरची लाईन गेली तरी तुमच्या भिंतीतला करंट जिवंत असतो. मावशीला म्हटलं, "दिवाणावरून उतरू नको, कशाला हात लावू नको." इन्व्हर्टर आणि मीटरपेटी नशिबानं बाहेरच्या जिन्याच्या वळणावर, कोरड्यात होती. इन्व्हर्टर बंद केला, मेन स्विचही पाडला, कारण गेलेली लाईन कधीही परत येते. मगच पाण्यात पाय घातला. मीटरपेटीपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल, तर जाऊ नका. बाहेरच थांबा, महावितरणच्या १९१२ वर फोन करा आणि त्यांना खांबावरून लाईन तोडू द्या.

छतावर सोलर असेल तर आणखी एक गोष्ट. मेन पाडला तरी उजेड आहे तोवर पॅनलकडून खाली येणाऱ्या वायरीत करंट असतोच.

"आमच्याकडे एमसीबी आहे ना," असं लोक सांगतात. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, वायर जळू नये म्हणून असते. ती पडायला सहा, दहा, सोळा अँपियरच्या वर करंट जावा लागतो, आणि माणसाचं हृदय बंद पाडायला अँपियरचा अगदी छोटा अंशही पुरतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की लाईन तोडणारा स्विच, ३० मिलिअँपियरची. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर ती खटकन पडली पाहिजे. महिन्यातून एकदा दाबून बघा. आणि इलेक्ट्रिशियनला विचारा, इन्व्हर्टरची लाईन तिच्यातून जाते का? पुष्कळ घरांत ती वळसा घालूनच जाते.

पावसाळा लागण्याआधी कूलरकडे बघा. कूलरचा झटका खाल्ला नाही असा नागपूरकर मला तरी भेटायचा आहे! पत्र्याची बॉडी, आत पाणी, आणि थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसलेली. पावसात तो खिडकीत तसाच लटकत असेल तर निदान पिन काढून वायर वर बांधा. इन्व्हर्टर जमिनीवर असेल तर त्याला उंच फळी करून द्या.

पाणी ओसरलं की घाई सुरू होते. घरातलं पाणी उपसायला टुल्लू पंप लावतात, त्याची एक्स्टेन्शन बोर्डाची जोडणी त्याच पाण्यात पडलेली. असलं करण्यापेक्षा बादल्या बऱ्या. रस्त्यात तुटलेली तार दिसली तर लांब राहा, पोरांनाही लांब ठेवा. घरात कुणी शॉक लागून चिकटलेला दिसला तर आधी मेन पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. ते जमत नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं वायर दूर करा, हातानं ओढू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि ११२ लावा.

मावशीच्या घरात सॉकेटांतून चिखल निघाला. बुडालेल्या एमसीबी वाळवून परत लावायच्या नसतात, त्या फेकल्या. भिंतीतल्या वायरिंगच्या पाईपांत पाणी आठवडाभर साचून राहतं, भिंत वरून कोरडी दिसते म्हणून फसू नका. प्रत्येक लाईन मेगर, म्हणजे वायरीतून करंट गळतो का ते दाखवणारं यंत्र, लावून तपासली. झोपायची खोली तिसऱ्या दिवशी पास झाली, हॉल पाचव्या. स्वयंपाकघराला दहा दिवस लागले, आणि तोवर मावशीचा मिक्सर हॉलमध्ये टीव्हीशेजारी घरघरत होता.