लिहून ठेवलेलं काम

[दृश्य: मॉनिटरचा क्लोज-अप. माउसचा बाण फिरतो आहे.]

निवेदन:
कार्यालयाच्या नेटवर्कवर नव्या माणसाचं खातं उघडायचं आहे. राइट-क्लिक, न्यू, यूजर. नाव, आडनाव, लॉगिनचं नाव. नेक्स्ट. पासवर्ड, पुन्हा तोच पासवर्ड. नेक्स्ट, फिनिश. मग तेच खातं परत उघडायचं आणि ‘मेंबर ऑफ’ टॅबवर जायचं. विभागाचा ग्रुप, प्रिंटरचा ग्रुप, सामायिक फोल्डरचा ग्रुप. एका माणसाचं काम झालं. यादी मात्र अजून तशीच लांब आहे.

कुठेतरी मधेच एक ग्रुप द्यायचा राहतो. दुसऱ्या दिवशी तक्रार येते: फोल्डर उघडत नाही. काल काय केलं आणि काय राहिलं, हे आता आठवूनच सांगावं लागतं.

[दृश्य: डावीकडे सीएसव्ही फाइल, उजवीकडे पॉवरशेलची निळी खिडकी. ओळी सरकतात.]

हीच यादी आता सीएसव्ही फाइलमध्ये आहे, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात. शेजारी पॉवरशेल: विंडोजला माउसऐवजी लिहिलेल्या आज्ञा देण्याचं साधन. ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ ती वाचतं, ‘न्यू-एडीयूजर’ खाती तयार करतं, ‘अ‍ॅड-एडीग्रुपमेंबर’ त्यांना ग्रुपमध्ये घालतं. वेळ वाचतो, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट पडद्यावर दिसते आहे. काम कसं केलं, ते शब्दन्‌शब्द लिहिलेलं आहे. दुसरा कुणीही ते वाचू शकतो, त्यातली चूक काढू शकतो.

[दृश्य: जुना मॉनिटर. डॉसचा प्रॉम्प्ट, बॅच फाइलच्या ओळी.]

लिहून ठेवण्याची सोय विंडोजच्याही आधीची. डॉसच्या काळात बॅच फाइल होती: आज्ञा एकाखाली एक लिहायच्या आणि फाइल चालवायची. नव्वदच्या दशकात व्हीबीस्क्रिप्ट ही आज्ञा लिहायची भाषा आली, तिला चालवणारं विंडोज स्क्रिप्ट होस्ट आलं. बरंच काही जमू लागलं, पण प्रत्येक कामाची तऱ्हा वेगळी. युनिक्स ही दुसरी प्रणाली वापरणाऱ्यांकडे होतं तसं एकसंध हत्यार विंडोजच्या अ‍ॅडमिनकडे, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्याकडे, नव्हतं.

मायक्रोसॉफ्टमध्ये जेफ्री स्नोव्हर यांनी आधी युनिक्सचीच साधनं विंडोजवर आणून पाहिली. ती फारशी उपयोगी पडली नाहीत. युनिक्समध्ये बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतं. फाइल वाचली, बदलली, की काम झालं. विंडोजमध्ये ते रजिस्ट्री या सेटिंगच्या साठ्यात असतं, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या खात्यांच्या आणि ग्रुपच्या सूचीत असतं, डब्ल्यूएमआय या यंत्राची माहिती देणाऱ्या सोयीच्या मागे असतं. तिथे मजकूर कापून-जोडून हाती काही लागत नाही. मग ऑगस्ट २००२ मध्ये स्नोव्हर यांनी ‘मोनाड मॅनिफेस्टो’ नावाचं टिपण लिहिलं. आज्ञांनी एकमेकींना मजकूर न देता आख्खी ऑब्जेक्ट द्यावीत, हा त्याचा गाभा. या कामापायी आपली पदावनती झाली, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. १४ नोव्हेंबर २००६ ला पहिली आवृत्ती आली, तोवर मोनाडचं नाव पॉवरशेल झालं होतं.

[दृश्य: पडदा. ‘गेट-सर्व्हिस’ टाइप होतं. तीन रकाने उमटतात.]

ऑब्जेक्ट म्हणजे काय, ते इथे पाहा. ही सेवांची, म्हणजे पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी. तीनच रकाने दिसतात: स्थिती, नाव, पूर्ण नाव. आता त्याच यादीतली एक सेवा ‘फॉरमॅट-लिस्ट’ला देऊ, पुढे तारा (*) टाकू, म्हणजे ‘सगळं दाखव’. ती कशी सुरू व्हायला सांगितली आहे, कुणावर अवलंबून आहे, तिच्यावर कोण अवलंबून आहे, सगळं तिच्याबरोबर आलेलंच होतं. फक्त दाखवलं नव्हतं. म्हणून पुढची ओळ इतकी सोपी होते: ज्या सेवा आपोआप सुरू व्हायला हव्यात आणि तरी थांबलेल्या आहेत, तेवढ्याच दाखव. अर्थात यादीत आलेली प्रत्येक सेवा बिघडलेलीच असेल असं नाही. काही सेवा आपलं काम झालं की स्वतःहून थांबतात. ते ओळखायला माणूसच लागतो.

[दृश्य: डेस्कटॉपवर पीएस१ फाइल. डबल-क्लिक. नोटपॅड उघडतं.]

इथे थांबू. स्क्रिप्टवर, म्हणजे आज्ञा लिहिलेल्या फाइलवर, डबल-क्लिक केलं आणि ती चाललीच नाही. नोटपॅडमध्ये उघडली. ही मुद्दाम ठेवलेली रीत आहे.

मे २००० मध्ये मेलबरोबर एक फाइल जगभर फिरली. तिचं नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसायचं, कारण विंडोज शेवटचं व्हीबीएस हे अक्षरत्रय मुळातच लपवून ठेवत असे. लोकांना ते साधं पत्र वाटलं. डबल-क्लिक केलं की स्क्रिप्ट चालायची आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवायची. ब्रिटनच्या संसदेलाही मेल बंद ठेवावी लागली.

पॉवरशेल घडवणाऱ्यांसमोर हा धडा होता. म्हणून डबल-क्लिकने स्क्रिप्ट आधी वाचायला मिळते. चालू फोल्डरमधली स्क्रिप्टही नुसत्या नावाने चालत नाही. आधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते. साध्या विंडोज संगणकावर एक्झिक्यूशन पॉलिसी, म्हणजे स्क्रिप्ट चालू द्यायची की नाही हे ठरवणारं सेटिंग, मुळात स्क्रिप्ट चालूच देत नाही. ही पॉलिसी हल्लेखोराला अडवणारी भिंत नव्हे, ती ओलांडता येते. पण अनवधानाने काही चालू नये, एवढी काळजी ती घेते.

[दृश्य: अ‍ॅडमिनचा हात कीबोर्डवर. पडद्यावर एक लांब ओळ, शेवटी ‘व्हॉट-इफ’.]

आता या सगळ्या चित्रणातली माझ्या मते सगळ्यात मोलाची ओळ. नव्वद दिवसांत लॉगिन न झालेली खाती शोधायची आणि बंद करायची. ‘सर्च-एडीअकाउंट’ शोधतं, ‘डिसेबल-एडीअकाउंट’ बंद करतं. शेवटी ‘व्हॉट-इफ’ जोडलेलं आहे. एंटर.

एकही खातं बंद झालेलं नाही. पडद्यावर उमटलं आहे ते एवढंच: चालवलं असतं, तर यांना हात लागला असता. अ‍ॅडमिन वाचतो आहे. एक खातं दीर्घ रजेवरच्या माणसाचं. एक तर माणसाचं नाहीच, वर्षातून एकदाच चालणाऱ्या प्रोग्रॅमचं. दोन्ही वगळावी लागतात. आणखी एक बारकावा: शेवटच्या लॉगिनची जी तारीख हा शोध वापरतो, ती दर लॉगिनला ताजी होत नाही. नेहमीच्या सेटिंगनुसार ती नऊ ते चौदा दिवस मागे असू शकते. म्हणून नव्वद हा आकडा ताणून धरायचा नसतो. ओळ बदलते, पुन्हा ‘व्हॉट-इफ’, पुन्हा वाचन. यात वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा.

[दृश्य: सर्व्हर रूम. रॅकच्या ओळी, हिरवे दिवे.]

२००९ मध्ये पॉवरशेलच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर रिमोटिंग आलं, म्हणजे दूरच्या यंत्रांवर आज्ञा चालवण्याची सोय. ‘इन्व्होक-कमांड’ला सर्व्हरची यादी द्यायची; काही वेगळं सांगितलं नाही, तर एका वेळी बत्तीस यंत्रांशी ही आज्ञा बोलते. या रॅकमध्ये कुणी कीबोर्ड लावायला येत नाही. चूक असली तर तीही त्याच वेगाने सगळीकडे पोचते. हल्लेखोरही हेच हत्यार वापरतात, म्हणून चाललेल्या स्क्रिप्टचा मजकूर इव्हेंट लॉग या विंडोजच्या नोंदवहीत ४१०४ क्रमांकाने नोंदवण्याची सोय चालू ठेवायची.

[दृश्य: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर. खालचा भाग उघडतो.]

सुरुवात कुठून करायची? विंडोज सर्व्हर २०१२ पासून या खिडकीच्या तळाशी पॉवरशेल हिस्टरी आहे. वर माउसने काम करा, खाली त्याच कामाची आज्ञा उमटते. ती उचला, फाइलमध्ये ठेवा, कुणाला तरी वाचायला द्या. रोजच्या कामातूनच पहिली स्क्रिप्ट मिळते.

[दृश्य: टास्क शेड्युलर. जुन्या कामांची यादी, काहींच्या पुढे व्हीबीएस.]

ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या या यादीतली काही कामं लावणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला, पण ती रोज रात्री चालतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट बंद होणार असल्याचं जाहीर केलं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत तो ऐच्छिक घटक झाला आहे. पुढे मुळातच बंद अवस्थेत येईल, आणि शेवटी काढून टाकला जाईल. ‘गेट-शेड्यूल्डटास्क’ने प्रत्येक सर्व्हरची यादी काढायची, त्यात व्हीबीएस शोधायचं. ग्रुप पॉलिसीतल्या, म्हणजे अनेक यंत्रांना एकत्र लागू होणाऱ्या नियमांतल्या, लॉगऑन स्क्रिप्टही तपासायच्या, कारण त्या इथे दिसत नाहीत. सापडलेली प्रत्येक फाइल आधी उघडून वाचायची, ती काय करते ते वरच्या ओळीत नोंदवायचं, आणि मगच पॉवरशेलमध्ये नव्याने लिहायला घ्यायची.