वाफ निवू द्यायची नाही

श्रोतेहो, नमस्कार. एकमेकांपासून 45 मिलिमीटर अंतरावरच्या रुळांवर खऱ्या वाफेनं धावणारं आगगाडीचं छोटं इंजिन घरी कसं बांधायचं, हा आजचा विषय. छोटा लेथ, ड्रिल मशीन, चांगल्या कानशी आणि भरपूर मोठी ज्योत देणारा गॅस टॉर्च एवढं जवळ असलं की काम सुरू करता येतं.

आधी एक हिशेब पाहू. मोठं इंजिन वीसपट लहान केलं, तर त्याचा पृष्ठभाग 400 पटींनी घटतो, पण आतलं घनफळ 8000 पटींनी. म्हणजे आहे तेवढ्या वाफेला निवायला 20 पट जास्त पृष्ठभाग मिळतो. छोटी इंजिनं अडतात ती बहुधा वाफेचं वाटेतच पाणी होतं म्हणून. दाब वाढवून हे दुखणं जात नाही.

आता बॉयलर. 50 मिलिमीटर बाह्य व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची, 130 मिलिमीटर लांबीची तांब्याची नळी घ्या. तिच्यात सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं. दाब 40 पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला 40 पौंड, ठेवायचा. या दाबाला नळीचा अंगचा भाग सहज पुरून उरतो. खरी काळजी दोन्ही टोकांच्या सपाट झाकणांची. अशा एकेका झाकणावर आतून जवळजवळ 49 किलोचा रेटा बसतो! म्हणून झाकणं 2 मिलिमीटर पत्र्याची करा, त्यांची कड सहा-सात मिलिमीटर वळवा आणि दोन्ही झाकणांच्या आरपार 5 मिलिमीटरची ब्रॉन्झची सळई घालून ती दोन्हीकडे डाखा. कड वळवायला 43 मिलिमीटर व्यासाचा, धार गोल केलेला लोखंडी ठोकळा लागतो. ठोकता ठोकता तांबं ताठर होतं. हातोडी उसळायला लागली की थांबा, पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात बुडवा आणि पुन्हा ठोका. असं तीन-चार वेळा करावं लागतं. घाई केली तर कडेला चीर जाते.

सेफ्टी व्हॉल्व्ह आणि वाफेची नळी ज्यांत बसते ते आटे पाडलेले तुकडे पितळेचे करू नका. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. ब्रॉन्झ किंवा गनमेटलच वापरा.

जोड चांदीमिश्रित डाखाचेच हवेत. 40 पौंडांना वाफ 140 अंशांच्या थोडी वर असते आणि कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो. पाणी संपलं आणि खाली ज्योत चालू राहिली, तर एवढंसं अंतर किती वेळ टिकणार? चांदीचा डाख 600 अंशांच्या पुढे वितळतो. तो कॅडमियमविरहित घ्या, कारण कॅडमियमचा धूर विषारी असतो. जोडात 0.1 मिलिमीटरची फट ठेवा, कारण अगदी घट्ट बसवलेल्या जोडात डाख शिरत नाही. ज्योत डाखावर न धरता तांब्यावर धरा. तांबं पुरेसं तापलं की डाख आपोआप उष्णतेकडे धावतो. तो गोळी होऊन बसला, तर तांबं थंड आहे. फ्लक्स, म्हणजे डाख नीट पसरावा म्हणून जोडाला लावलेला लेप, काळा पडला, तर फार वेळ तापवलंय. तेव्हा निववून, आम्लात स्वच्छ करून पुन्हा सुरुवात करा. तापवताना बॉयलरची सगळी भोकं उघडी असली पाहिजेत.

मग पाण्याची चाचणी. बॉयलर काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि हातपंपानं दाब 80 पौंडांवर, म्हणजे दुप्पट, नेऊन 20 मिनिटं ठेवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोड सुटला तरी फक्त चिळकांडी उडते. हीच चाचणी हवेनं केली तर तुकडे उडतील. कितीही घाई असली तरी हवेनं करू नका.

सिलिंडर झुलते घ्या, म्हणजे दट्ट्याबरोबर स्वतःच डोलणारे आणि डोलता डोलता वाफेची भोकं उघडझाप करणारे. त्यांना वाफ आतबाहेर सोडणारी वेगळी यंत्रणा, म्हणजे व्हॉल्व्ह गिअर, लागत नाही. 10 मिलिमीटर व्यास, दट्ट्याचा 16 मिलिमीटर फेरा, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारी जोडी. दोन्ही बाजूंचे क्रँक एकमेकांशी 90 अंशांत बसवा, म्हणजे एक दट्ट्या टोकाशी अडला तरी दुसरा ओढतो. इथे सगळं काही भोकांवर अवलंबून असतं. वाफ आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं भोक यांच्यामध्ये सिलिंडरच्या भोकापेक्षा किंचित जास्त धातू शिल्लक हवा, नाहीतर मधल्या स्थितीत वाफ थेट धुराड्याकडे पळते. नुसत्या खुणा करून भोकं पाडली तर ती सरकतात, म्हणून पोलादी पट्टीचा साचा करा. सिलिंडर आणि त्यामागचा ठोकळा यांचे एकमेकांवर घासणारे चेहरे काचेवर ठेवलेल्या 600 आणि मग 1200 नंबरच्या पॉलिश पेपरवर आठाच्या आकारात घासा. हे चेहरे एकमेकांवर दाबून धरणारी स्प्रिंग सैल असली तर वाफ गळते, फार आवळली तर चाकं फिरत नाहीत.

वाफेची नळी आखूड ठेवा, आणि सिलिंडरकडे नेण्याआधी ज्योतीतून एक फेरी घालू द्या, म्हणजे वाफेतलं ओलेपण जातं. बॉयलरवर पातळ लाकडी पट्ट्यांचं वेष्टण घाला. मोटारीचं साधं तेल ओल्या वाफेत धुऊन जातं, त्यामुळे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत वाफेच्या इंजिनांसाठीचं दाट स्टीम ऑइलच वापरा.

पहिल्यांदा इंजिन 15 ते 20 पौंड हवेवर अर्धा तास फिरवा. मग बॉयलर तीन-चतुर्थांशच भरा. जास्त भरलं तर पाणी सिलिंडरात शिरून दट्ट्या अडवतं. जळण म्हणून वापरायचं स्पिरिट पाण्याआधी संपलं पाहिजे. मोजून 20 मिलिलिटर जाळा, निवल्यावर उरलेलं पाणी सिरिंजनं मोजा, त्यावरून स्पिरिटच्या टाकीचं माप ठरवा. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, तेव्हा सांडलेलं पुसल्याशिवाय काडी ओढू नका. दाब चढल्यावर इंजिन हातानं पुढेमागे ढकला. धुराड्यातून आधी पाणी उडेल, सिलिंडर तापले की ते आपलं आपण चालू लागेल.

आग विझल्यावर दाब शून्यावर आला, की भरणीचं झाकण लगेच सैल करा. तसंच निवू दिलं तर आत निर्वात पोकळी तयार होते आणि तेलाच्या डबीतलं तेल बॉयलरमध्ये ओढलं जातं.