सोप्यावर जागा आहे

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या गोव्याचं फेस्त झालं. आता दत्तजयंती, मग नाताळ, मग नवं वर्ष, आणि मधल्या रात्री कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा नाही तर काला. या दिवसांत आपल्या घरी जशी माणसं वाढतात, तशीच प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जनावरं वाढतात. आजचं बोलणं त्यांच्याविषयी आहे. असगावला शेल्टर आहे, कुडचड्याला आहे, काणकोणात चापोलीला आहे. यांतलं एखादं तुमच्या जवळपासचं असेल.

दत्तजयंतीचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. साखळीच्या दत्तवाडीला आपल्यातले कितीतरी जण जातात. दत्ताच्या तसबिरीत मागे गाय उभी, पायाशी चार कुत्रे. चार वेद म्हणून आपण त्यांना हात जोडतो. आणि तिथून घरी येऊन, जेवणावळीच्या पत्रावळींकडे आलेल्या कुत्र्याच्या कमरेत काठी घालतो. मला हे कधीच पटलं नाही. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती सांगायची आणि मुलांच्या देखत काठी उगारायची, हे बरं नव्हे. असो, मुद्द्यावर येते.

शेल्टर नेमकं याच दिवसांत का भरतं? पावसाळा सरत आला की गावठी कुत्र्या माजावर येतात. दोन महिने पोटात, की दिवाळीपासून नाताळापर्यंत गटाराकडेला, मार्केटच्या मागे, बांधकामाच्या वाळूत पिल्लंच पिल्लं. त्यात नरकासुराची रात्र, दिवाळीत त्याचे पुतळे करून जाळतात ती. आवाजाने बिथरलेले घरचे कुत्रे साखळी तोडून पळतात आणि दोन गावं पलीकडे सापडतात. मला नरकासुराचं वावडं नाही. वाड्यावरची पोरं गवत, कागद आणि बांबू घेऊन रात्री जागवतात, ते मला फार आवडतं. पण छातीत धडधड होईल एवढे मोठे स्पीकर त्यात कशाला हवेत? म्हातारी माणसं, तान्ही मुलं, मुकी जनावरं, सगळ्यांना त्याचा त्रास होतो. आणि डिसेंबर उजाडला की किनाऱ्याकडच्या अरुंद रस्त्यांवर मध्यरात्री सुसाट गाड्या. रोज एखादं तरी जनावर मोडलेल्या पायाने शेल्टरच्या दारात येतं. याशिवाय २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातले भटके कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश दिला. आदेश निघाला, पण जागा कुठून आणायची हा प्रश्न आहेच.

जागा. श्रोतेहो, आज एवढा एकच शब्द लक्षात ठेवलात तरी चालेल. शेल्टरला औषधं लागतात, तांदूळ लागतो, पैसे तर लागतातच, पण सणाच्या दिवसांत सगळ्यांत जास्त लागते ती जागा. आणि ती आपल्याकडे आहे.

हे मला शिकवलं आमच्या आक्काने. आक्का म्हणजे म्हार्दोळच्या बाजूला आमच्या वाड्यावर राहते ती. नाव सांगत नाही, तिला आवडायचं नाही. सत्तरी कधीच ओलांडली. मुलगा आखातात, लेक पुण्याला. कौलारू मोठं घर, पुढे लांब सोपा, मागे माड, आणि त्या एवढ्या घरात ती एकटी. अशी घरं आता गोव्यात गावोगाव आहेत. काहींना तर कुलपं आहेत, अंगणात रान वाढलंय, आणि दुसरीकडे आपण डोंगर कापून नव्या इमारती उभ्या करतोय. त्यावर मी एकदा वेगळी बोलेन.

तर आक्काच्या भाचीची मुलगी दर रविवारी शेल्टरमध्ये मदतीला जाते. एका दिवाळीनंतर ती आक्काकडे आली ती रडवेल्या तोंडाने. शेल्टर तुडुंब भरलेलं. एक तपकिरी कुत्री होती, गाडीने उडवलेली, मागच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, हिला दहा दिवस शांत जागा हवी. चहूबाजूंनी कुत्रे भुंकत असताना ही सारखी उठते, आणि उठत राहिली तर पाय सांधायचा नाही.

"आक्का, दहाच दिवस. तुझ्या सोप्यावर."

आक्काचं घर सोवळ्याचं. देवपूजा झाल्याशिवाय चहा नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सोप्यावर राहील. उंबरा ओलांडायचा नाही. आणि अकराव्या दिवशी घेऊन जायचं."

मी त्या दिवसांत संध्याकाळची तिच्याकडे जात असे, म्हणून ही सांगोवांगीची गोष्ट नव्हे. कुत्री सोप्याच्या टोकाला गोणपाटावर, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. पाय पट्टीत ताठ. कुणाचा हात जवळ आला की डोळे घट्ट मिटून घ्यायची. मार खाल्लेलं जनावर मिटतं तसे. अन्नाला तोंड लावेना. आक्काने भात दिला, दूध दिलं, पोदेराकडचा ताजा पाव कुस्करून दिला. काही नाही. गोडगोड बोलून चुचकारणं हा आक्काचा स्वभाव नव्हे. तिने दिवा लावला आणि रोजच्यासारखी पोथी घेऊन सोप्यावर बसली. ती मोठ्याने वाचते, कारण तिला स्वतःला कमी ऐकू येतं.

पहिल्या संध्याकाळी कुत्रीचा एक कान हलला. दुसऱ्या संध्याकाळी मान वळली. तिसऱ्या संध्याकाळी आक्काने पोथी मिटून वर पाहिलं, तर कुत्री पाय फरफटत तिच्या पाटाजवळ येऊन पडली होती. आक्का काही न बोलता आत गेली. उकड्या तांदळाची पेज कोमट करून, मीठ न घालता, जुन्या जर्मनच्या ताटलीत घेऊन आली. कुत्रीने ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि मग ती ताटलीच नाकाने पुढे ढकलली.

त्यानंतर दोघींचं जमलं. पहाटे पोदेराचा पों पों ऐकू आला की कुत्रीचे कान उभे. आक्काला तो ऐकू यायचा नाही, ती कुत्रीचे कान बघून पैसे घेऊन फाटकाशी जायची. उंबरा मात्र उंबराच. कुत्री त्यावर हनुवटी टेकवून स्वयंपाकघराकडे बघत पडायची, पण आत पाऊल टाकायची नाही.

अकराव्या दिवशी मडगावहून एक नवराबायको कुत्रीला न्यायला आली. शेल्टरने त्यांची चौकशी करून ठेवली होती. आमची सगळ्यांची खात्री, की आक्का आता कुत्री सोडत नाही. भाचीच्या मुलीने तर मनाची तयारी करून ठेवली होती. आक्का उठली, भिंतीवरच्या कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान तिने फाडलं, महिना संपायला आठवडा होता तरी, आणि त्या बाईच्या हातात दिलं. चौकोनाचौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "पेज कोमट. मीठ नको." "स्कूटरला भिते, चारचाकीला नाही." "टोपीवाला माणूस आला की थरथरते." "डावा कान खाजवावा." "मांजर समोरून गेलं, काही केलं नाही." "रात्री अंधारात रडते, दिवा ठेवावा." ती बाई उभ्या उभ्या ते पान वाचत राहिली. मग कुत्रीला उचलून गाडीत ठेवायच्या आधी तिने नवऱ्याला डोक्यावरची टोपी काढायला सांगितली.

गाडी गेल्यावर मी आक्काला म्हटलं, "ठेवून घेतली असतीस तर?"

आक्का म्हणाली, "ठेवली असती तर सोपा भरला असता. मी एकटी बाई, मला एकच जीव सांभाळता येतो. ही गेली म्हणून दुसऱ्याला जागा झाली." आणि भाचीच्या मुलीकडे वळून विचारलं, "आता कोण आहे?"

श्रोतेहो, तेव्हापासून आक्काचा सोपा फार दिवस रिकामा राहिलेला नाही. एक आंधळं मांजर आलं, ते बंद पडलेल्या रगड्याच्या खोलगटात झोपायचं. किनाऱ्यावरचा एक काळा, दांडगा कुत्रा आला, आणि आक्काची वाळत घातलेली आमसुलं त्याने फस्त केली. बाळंतीण कुत्री तीन पिल्लांसह आली तेव्हा बाहेर अवकाळी पावसाची झड होती, त्या एका रात्रीपुरता उंबऱ्याचा नियम मोडला, असं आक्का स्वतः सांगते. प्रत्येकाबरोबर कालनिर्णयचं एक पान गेलं.

त्या पानाची किंमत शेल्टरमधल्या माणसांना विचारा. पिंजऱ्यातला कुत्रा एक तर भुंकतो नाही तर कोपऱ्यात बसतो. तो मुलांशी कसा वागेल, मांजर बघून काय करेल, एकटा राहील का, हे पिंजऱ्यात कळत नाही. घरात चार दिवसांत कळतं. आणि हे कळलं की त्याला कायमचं घर मिळणं सोपं होतं. शिवाय त्याची शेल्टरमधली जागा तेवढे दिवस मोकळी होते. दोन जनावरांची सोय एका सोप्यावर. तुमच्याकडे सोपा नसेल, फ्लॅट असेल, गॅलरी असेल, तरी चालतं. आधी फोन करा, तुमच्या घराची सगळी माहिती सांगा, कसलं जनावर जमेल ते तेच ठरवतील.

आता बाकीचं भराभर सांगते.

नाताळची भेट म्हणून पिल्लू देऊ नका. कुणालाही नको. पिल्लू हे घरातल्या सगळ्यांनी मिळून, सुट्टी संपल्यावर, शाळा सुरू झाल्यावर घेण्याचा निर्णय आहे. घ्यायचंच तर शेल्टरमधला मोठा कुत्रा घ्या. त्याचा स्वभाव ठरलेला असतो, नसबंदी आणि लसी बहुधा झालेल्या असतात.

रस्त्यात सापडलेली पिल्लं रात्री शेल्टरच्या गेटापाशी खोक्यात ठेवून येऊ नका. तुम्ही ते चांगल्या मनाने करता, पण तिथल्या मातीत पार्वोचा विषाणू असू शकतो. तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो, आणि लस न घेतलेल्या पिल्लाला रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत जीव जातो. पिल्लांची आई जवळपास असेल तर पिल्लं तिच्यापाशीच राहू द्या, आईला खायला घाला, आणि फोन करा. फोन आधी, पिल्लं मागून.

नाताळचा केक कुत्र्याला घालू नका. त्यात मनुका असतात, मनुकांनी आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट विषासारखं. शागुतीचं उरलेलं नको, त्यात कांदा-लसूण. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून घशात, आतड्यात अडकतात. भात, अंडं, हाडं काढलेले मासे, पेज. पुष्कळ झालं.

शेल्टरला काय न्यावं? जुन्या चादरी, टॉवेल, वर्तमानपत्रांची रद्दी, तांदूळ. फिनाईल विचारल्याशिवाय नेऊ नका, मांजरांना ते बाधतं. आणि पैसे देणार असाल तर थोडे जूनसाठी राखून ठेवा. मे अखेरीला किनाऱ्यावरचे शॅक उठतात, आणि हंगामभर शॅकवाल्यांच्या हातचं खाऊन वाढलेले कुत्रे भर पावसात उपाशी पडतात. तेव्हा पर्यटक नसतात, देणारे हातही कमी असतात.

कुणी म्हणेल, भटक्या कुत्र्यांचे एवढे लाड कशाला, चावले तर? चावण्याची भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. पण गोवा २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला तो कुत्रे मारून नव्हे. २०१३ नंतर इथे वाड्यावाड्यावर जाळी घेऊन फिरून, दरवर्षी निदान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचायची असं ठरवून काम झालं. ज्याच्या कानाला खाच दिसते त्याची नसबंदी झालेली असते. तो तुमच्या वाड्यावर असणं म्हणजे बाहेरचा, बिनलशीचा कुत्रा तिथे सहजासहजी येणार नाही. आणि चावा बसलाच तर पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही.

एकतीस डिसेंबरच्या रात्रीसाठी घरच्या कुत्र्याच्या पट्ट्यावर आजच फोन नंबर लिहून ठेवा. पक्क्या शाईने. फटाके सुरू व्हायच्या आधी त्याला आतल्या खोलीत घ्या, खिडक्या लावा, रेडिओ चालू ठेवा.

आणि शेवटचं मागणं. चवथीला आपल्याकडे करंज्यांची ताटं ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात, नाताळला त्यांच्याकडून दोदोल, नेवऱ्या येतात. तशीच शेल्टरमधली पाळी वाटून घेऊ या. २५ डिसेंबरला तिथल्या ख्रिस्ती कामगारांना मिसाला जायचं असतं, घरी जेवायला बसायचं असतं. त्या दिवशीची त्यांची पाळी आपण करू. चवथीला आणि दिवाळीला ते आपली करतील. पिंजरे धुणं, भांडी घासणं, पाणी भरणं. शिकावं लागेल असं त्यात काही नाही. या आठवड्यातच फोन करून नाव द्या, म्हणजे त्यांना कुणाला सुट्टी द्यायची ते ठरवता येईल. सकाळी लवकर जावं लागतं. जुने कपडे आणि रबरी चपला घालून जा.

नमस्कार.