उन्हाच्या गावाहून समुद्राच्या उन्हात

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकला की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो: यंदा पोरांना घेऊन कुठे जायचे? कोणी सापुताऱ्याला जातो, कोणी तोरणमाळ गाठतो, आणि अलीकडे बरीच कुटुंबे समुद्राकडे वळू लागली आहेत. गेल्या वर्षी आम्हीही वळलो. मी, माझी पत्नी, मुलगा, सून, दोन नातवंडे आणि माझी एक्क्याऐंशी वर्षांची आई अशी सात माणसे आम्ही अमळनेरहून रत्नागिरीला गेलो. त्या चार मुक्कामांत आमचे कुठे चुकले आणि पुढे कसे जमले, ते आज तुम्हाला सांगणार आहे, कारण आमची चूक खान्देशातला कोणीही माणूस अगदी आत्मविश्वासाने करील अशी आहे.

चूक अशी झाली. निघण्यापूर्वी मुलाने मोबाइलवर रत्नागिरीचे तापमान पाहिले आणि तेहेतीस अंश असल्याचे सांगितले. आम्ही सगळे हसलो. आमच्याकडे तेहेतीस अंश म्हणजे होळीच्या आधीची हवा. आयुष्यभर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत शेतावर आणि शाळेत वावरलेल्या माणसांनी तेहेतीस अंशांची काय पत्रास ठेवायची? आईने तर उपरणे आणि कांदा दोन्ही घरी ठेवायला सांगितले.

प्रवासाचे थोडक्यात सांगतो. दिल्लीहून केरळात जाणारी मंगला एक्सप्रेस भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल या मार्गाने थेट रत्नागिरीला जाते, त्यामुळे खान्देशातून जाणाऱ्या कुटुंबाला ठाण्याला किंवा पनवेलला सामानासह गाडी बदलण्याची यातायात पडत नाही. आरक्षण मात्र बरेच आधी करावे लागते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते, हेही ध्यानात ठेवावे. रत्नागिरीच्या थोडे अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नातवाने सेकंद मोजले, नातीने डोळे मिटून घेतले, आणि बोगद्याबाहेर पडल्यावर खिडकीतून तांबडी माती दिसली तेव्हा आईने विचारले, की या मातीत कापूस येतो का. काळ्या रानातल्या माणसाचा तो पहिला प्रश्न होता. कापूस येत नाही. जांभा दगडाच्या त्या मातीत आंबा, काजू, नारळ येतात, आणि घरांच्या भिंतीही त्याच जांभ्याच्या चिऱ्यांनी उभ्या राहतात.

पहिल्या संध्याकाळी सहा वाजता आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर पोहोचलो. तिथली वाळू काळसर असल्यामुळे त्या बाजूला काळा समुद्र म्हणतात, आणि किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला, मिऱ्याकडे, पांढरा समुद्र आहे. पोरांनी घरून आणलेली प्लास्टिकची बादली आणि फावडे हातात होते. परंतु किल्ला करायला वाळूच नव्हती. पाणी वरपर्यंत आलेले, लाटा दगडांवर आपटत होत्या, आणि नातीने तिथेच रडायला सुरुवात केली. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या एका मासळीवाल्या बाईने विचारले, "आज अष्टमी ना? मग सहाला पाणी भरणारच." मग तिने जो हिशेब सांगितला, तो मी तीस वर्षे भूगोल शिकवूनही कधी वर्गात सांगितला नव्हता.

तो हिशेब असा. त्या दिवशीच्या तिथीच्या अंकाची पाऊणपट करायची, म्हणजे तिनाने गुणून चाराने भागायचे. जो आकडा येईल त्या वेळेच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, तिथी प्रतिपदेपासून पुन्हा मोजायची. द्वादशीला भरती नवाला, म्हणजे ओहोटी तीनला; पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचला. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो. हे कारण मी मुलांना शिकवत होतो, परंतु त्याचा उपयोग कोकणातली माणसे पाऊणकीचा पाढा म्हणून करीत होती.

म्हणून, श्रोतेहो, लहान मुलांना घेऊन समुद्रकिनारी जाणार असाल तर गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी दिनदर्शिका पाहा. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास रुंद, ओली, कडक वाळू हवी असेल तर द्वादशी ते द्वितीया या तिथींच्या आसपासचे दिवस धरा, आणि अष्टमी टाळा. एक मात्र सावधगिरी: पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाणाची भरती असते, पाणी जितक्या जोराने येते तितक्याच जोराने ओढते, त्यामुळे वाळूवर खेळावे, पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नये. अष्टमीच्या आसपास असते ती भांगाची भरती, तिचा जोर कमी. पण तेव्हा संध्याकाळी खेळायला जागा नसते, हे आम्ही अनुभवलेच होते.

दुसऱ्या दिवशी खरा प्रसंग गुदरला. सकाळी निवांत न्याहारी करून, सगळ्यांच्या आंघोळी आटोपून, साडेअकराला आम्ही रत्नदुर्ग चढायला निघालो. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. वर बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आणि पलीकडच्या टेकडीवर दीपगृह. आईला भगवतीचे दर्शन घ्यायचे होते. पायऱ्या फार नाहीत. ऊन आमच्या मानाने मवाळ होते. तरीही अर्ध्या वाटेवर आई एका दगडावर बसली, तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पातळ पाठीला चिकटले होते. ती म्हणाली, "बापू, हाई कसं ऊन शे? घाम सुकतच नही."

त्या एका वाक्यात सगळा धडा होता. आपल्याकडचे ऊन कोरडे. पंचेचाळीस अंशांतही घाम येतो आणि लगेच वाळतो, आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून आपण डोक्याला रुमाल बांधून, भरपूर पाणी पिऊन तग धरतो. समुद्रकाठच्या हवेत आधीच इतके बाष्प असते की घामाला जायला जागा नाही. तो अंगावरून नुसता ओघळतो, शरीरातले मीठ आणि पाणी जाते, पण अंग थंड होत नाही. थर्मामीटर हवेची उष्णता दाखवतो. घाम वाळेल की नाही, हे तो सांगत नाही. तेहेतीस अंशांचा आकडा आम्ही भूगोलाच्या शिक्षकाच्या घरात बसून वाचला, आणि दमटपणाचा आकडा त्याच पडद्यावर असूनही कोणी पाहिला नाही.

आईला सावलीत निजवले, पदर सोडून वारा घातला, तोंडावर पाणी शिंपडले आणि मुलगा रिक्षा घेऊन वर आला. आम्ही ज्या घरगुती निवासात उतरलो होतो, तिथल्या काकूंनी कोकमाच्या सरबतात साखरेबरोबर चांगले चिमटीभर मीठ घालून ते घोटाघोटाने पाजले. तासाभरात आई सावरली. काकूंनी मग, कोणताही आव न आणता, दिवस कसा काढायचा ते सांगितले: अकरापासून चारपर्यंत समुद्राकडे पाठ फिरवायची आणि कौलाखाली राहायचे.

उरलेले तीन दिवस आम्ही त्याप्रमाणे आखले, आणि मला वाटते, सहल तिथून सुरू झाली.

सकाळी सातला बाहेर पडून किल्ला. ह्या खेपेला आई वर पोहोचली, दर्शन झाले, आणि तटावरून खाली मिरकरवाडा बंदरात परतणाऱ्या होड्या पोरांना दिसल्या. दहाच्या आत परत. दुपारसाठी छताखालची ठिकाणे. रत्नागिरीत ती भरपूर आहेत, हे किनाऱ्यासाठी येणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राच्या संग्रहालयात निरनिराळे मासे, कासवे, शंख आणि देवमाशाचा प्रचंड सांगाडा ठेवलेला आहे. देवमासा हा मासा नव्हे, तो पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे, हे मी सांगू लागलो तेव्हा नातवाने मला, "आजोबा, सुट्टी आहे," अशी आठवण करून दिली. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात त्यांचा जन्म झाला, त्या कौलारू घरातला गारवा दुपारी दोन वाजता अनुभवण्यासारखा आहे. पतितपावन मंदिर १९३१ सालचे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने ते सर्व जातींच्या हिंदूंसाठी उभे राहिले. अमळनेरच्या माणसाला इथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही: १९२४ साली सावरकर रत्नागिरीत आले, आणि त्याच साली ह्याच जिल्ह्यातल्या पालगडचे साने गुरुजी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले.

परंतु सगळ्यांत जास्त वेळ आम्ही घालवला तो थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. तीस वर्षे तो इथे राहिला. हा राजवाडा १९१० च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे त्याच्या वाट्याला तो जेमतेम सहा वर्षे आला. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला आणि त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. त्याची राणी आणि मुली १९१९ मध्ये परत गेल्या. आज इथे शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे. शासकीय संग्रहालयांना साप्ताहिक सुट्टी असते, तेव्हा वार आधी विचारून घ्यावा. लाल भिंती, उतरती छपरे, सागवानी कोरीवकाम आणि रंगीत काचांच्या अर्धगोल खिडक्या. सून आणि मुले खालच्या दालनातल्या मूर्ती पाहत असताना आई वरच्या सज्ज्यात बसून राहिली. दुरून पाणी दिसत होते. राजा इथून दुर्बिणीतून जहाजे पाहत असे, असे लोक सांगतात. आईने बराच वेळ काही विचारले नाही, आणि मग म्हणाली, की तीस वर्षे ह्या घामात त्याने कशी काढली असतील.

त्याच सज्ज्यात, तीनच्या सुमारास, मला वारा लागला. शाळेत मी दरवर्षी फळ्यावर दोन बाण काढत असे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते, ते खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा समुद्राकडे जातो, ते मतलई वारे. पन्नास-साठ मुले ती वाक्ये पाठ करीत, आणि समुद्र त्यांनीही पाहिलेला नसे. खिडक्या पश्चिमेला का आहेत, आणि काकू चारनंतर बाहेर जा असे का सांगत होत्या, ते त्या वाऱ्याने सांगितले. खाऱ्या वाऱ्याचा जोर दुपारनंतर जाणवतो आणि दिवस कलेपर्यंत टिकतो. समुद्रकाठची संध्याकाळ सुखाची असते ती सूर्य कलल्यामुळे जितकी, तितकीच ह्या वाऱ्यामुळे.

जेवणाचे फार सांगत नाही. घावणे, सोलकढी आणि उकडीचे मोदक पोरांना आवडले. आमटीत खोबरे पाहून आईने पिशवीतला ठेचा काढला, आणि काकूंनी तो चाखून दोन ग्लास पाणी प्यायले. हापूस मात्र थेट बागेतून घ्यावा, आणि पाऊस सुरू होण्याच्या आत जावे. जमत असेल तर मे सोडून नाताळच्या सुट्टीत जाणे अधिक शहाणपणाचे, हे मी आता सांगतो. पण शाळा, नोकऱ्या आणि आंबा ह्या तिघांपुढे माझे घरात चालले नाही, तसे तुमचेही चालणार नाही.

शेवटची संध्याकाळ भाट्याच्या किनाऱ्यावर. काजळी नदी जिथे खाडीतून समुद्राला मिळते, त्या पुलापलीकडे लांबलचक वाळू आहे आणि कडेला सुरूचे बन. त्या दिवशी द्वादशी होती. तीनला ओहोटी झालेली, पाच वाजता वाळू अजून लांबवर उघडी. नातवाने येण्यापूर्वीच पाऊणपट करून वेळ सांगितली होती आणि ती बरोबर आली याचा त्याला समुद्रापेक्षा जास्त आनंद झाला. नातीने विचारले, की आपली तापीही इथेच येते का. मी सांगितले, इथे नाही, वर सुरतेजवळ येते, पण समुद्र हाच. मग तिने बादलीतले पाणी परत समुद्रात ओतले आणि दुसरे भरून घेतले.

परतीच्या गाडीत पनवेलपर्यंत सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेलेच होते. इगतपुरीच्या पुढे हवा बदलू लागली, आणि मनमाड मागे पडल्यावर खिडकीतून भट्टीसारखी कोरडी झळ आत आली. सुनेने खिडकी लावायला हात पुढे केला. आईने तो धरला, पदराचे टोक चाचपले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आते सुकनं."