नाताळची ट्रंक आणि तात्यांची काशी

नमस्कार श्रोतेहो.

नाताळ आठवड्यावर आला आहे. ज्यांच्या घरी हा सण असतो, त्यांच्याकडे करंज्यांचं सारण भाजून झालं असेल, अनारशांचं पीठ डब्यात मुरत असेल. आमच्याकडे याच दिवसांत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तिच्यात आजीपासून आजपर्यंतची, तीन पिढ्यांची नाताळची सजावट आहे. त्यातल्या दोन-तीन वस्तू आज तुम्हाला दाखवायच्या आहेत. रेडिओवर दाखवायच्या म्हणजे सांगायच्या.

एक गोष्ट आधी सांगते, आणि पुढेही सांगेन. ट्रंकेत बऱ्या दिवसांत घेतलेल्या वस्तू पुष्कळ आहेत. त्या दरवर्षी सुरूच्या फांदीवर चढतात आणि उतरतात. पण जी हातात घेतली की घरातलं कुणीतरी बोलायला लागतं, ती प्रत्येक वस्तू टंचाईच्या वर्षातली आहे. लक्षात ठेवा, टंचाईच्या वर्षातली.

पहिला हा काचेचा गोळा. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका मिशन दवाखान्यात परिचारिका होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेहून आलेल्या डॉक्टरबाईंनी तिला तो दिला. नाताळच्या झाडावरचा गोळा म्हटलं की आपल्याला आरशासारखी चकाकी आठवते. याला ती नाही. साधी पारदर्शक काच, त्यावर निळे आणि लाल फिकट पट्टे. वरची टोपी, जिच्यात दोरा ओवतात, ती चक्क पुठ्ठ्याची. आजीला कायम वाटायचं की चांगले गोळे इतरांना गेले आणि आपल्या वाट्याला उरलासुरला आला.

तसं नव्हतं. चकाकणारे गोळे मूळचे जर्मनीतल्या थुरिंगिया भागातल्या लाउशा या गावचे. तिथले कारागीर काच फुंकून गोळे करत आणि आत चांदीचं द्रावण फिरवत, त्याची ती चकाकी. पुढे १९३९च्या सुमाराला अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने विजेचे दिवे बनवायच्या यंत्रावरच हे गोळे काढायला सुरुवात केली. मग अमेरिका युद्धात उतरली. चांदीचं द्रावण मिळेना, टोपीला पत्रा मिळेना. म्हणून त्या वर्षांतले गोळे बिनचांदीचे आणि पुठ्ठ्याच्या टोपीचे. मला हे कळलं तेव्हा आजी नव्हती, पण आई होती. तिने ऐकून घेतलं, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्याच मऊ झालेल्या लुगड्याची एक पिशवी त्या गोळ्यासाठी शिवली. तुमच्याकडे काचेचे जुने गोळे असतील तर तेही मऊ सुती कापडात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई रंगाला लागते. पुन्हा सांगते, सुती कापडात.

दुसरी वस्तू म्हणजे चांदणी. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद आणि खळ. दिवाळीचा आकाशकंदील करणारा हातच नाताळची चांदणी करतो, त्यामुळे ती कशी करायची हे तुम्हाला सांगायला नको. कागदी ताऱ्याची एक परंपरा जर्मनीतल्या मोरावियन ख्रिस्ती मंडळींची आहे. नीस्की गावच्या त्यांच्या शाळेत १८३०च्या दशकात मुलांना भूमिती शिकवताना असे तारे करायला लावत. आमच्या चांदणीला इतकी भूमिती नाही. तिला पाच टोकं आहेत, आणि खळीवर झुरळं येतात म्हणून आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची.

इथे मनातलं एक बोलून घेते. झाडावर कापूस पसरून बर्फ करतात, ते मला आवडत नाही. येशूच्या जन्माच्या, बेथलेहेमच्या गोष्टीत बर्फाचा उल्लेख कुठेही नाही. आणि आपल्याकडे डिसेंबर म्हणजे हुरड्याचे दिवस! गुळभेंडी ज्वारीचं कणीस आगटीत भाजून, हातावर चोळून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे दिवस. अशा दिवसांत कसला बर्फ? हुरडाही आता लोक तिकीट काढून खायला जातात, शेतात बसून खायची मजा त्याला नाही. असो, विषय सजावटीचा आहे.

तिसरी वस्तू म्हणजे गव्हाणीचा देखावा, गोठ्यातल्या येशूजन्माचा. हिच्यासाठीच खरं तर आज मी इथे बसले आहे.

१९७२ साल. ज्यांनी ते पाहिलं त्यांना पुढे काही सांगावं लागत नाही. आधीची वर्षंही कोरडीच गेली होती, त्या वर्षी तर ज्वारी कंबरेएवढी व्हायच्या आत करपली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. आमची ख्रिस्ती वस्ती गावाला लागून पण गावाबाहेर. वस्तीवर छोटं चर्च होतं, पत्र्याचं छप्पर असलेलं.

गावात एक म्हातारे कुंभार होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. मडकी, रांजण, चुली, आणि पोळ्याला मातीचे बैल. कुंभाराचं पोट बलुत्यावर. सुगीला खळ्यावर जायचं आणि वर्षभराचं धान्य आणायचं. त्या वर्षी खळंच लागलं नाही, मग बलुतं कुठलं? दादांचा पगार तेवढा महिन्याच्या महिन्याला येत होता. तात्या फुकट काही घेणार नाहीत हे दादांना ठाऊक होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला ते तात्यांकडे गेले. मी त्यांचं बोट धरून बरोबर. दादा म्हणाले, "तात्या, चर्चला गव्हाणीची चित्रं करून पाहिजेत. मातीची."

तात्यांनी विचारलं, "कोन कोन पाहिजेल?"

दादांनी गोष्ट सांगितली. बायबलमधल्या शुभवर्तमानांत लूक आणि मत्तय या दोघांनी लिहिलेली, जशी आम्हाला रविवारच्या शाळेत सांगायचे तशी. मरिया, योसेफ, बाळ, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी पुरुष. तात्या एकेकाची चौकशी करत होते. योसेफ काय काम करतो? सुतार. मेंढपाळ म्हणजे धनगरच ना? हो. आणि हे मागी पूर्वेचे, म्हणजे कुठले? दादा म्हणाले, पूर्वेचे, एवढंच लिहिलंय. तात्या म्हणाले, "म्हंजी आपल्याकडचं बी आसत्याल." दादा म्हणाले, "असतील."

मग दादा म्हणाले, "आणि एक बैल, एक गाढव."

तात्यांचा हात थांबला. "गाढव?"

"गाढव."

"मास्तर, देवाच्या जल्माला गाढव?"

श्रोतेहो, आपल्याकडे गाढवाची काय किंमत आहे, तुम्हाला ठाऊक आहे. कुणाची अब्रू घ्यायची तर त्याची गाढवावरून धिंड काढायची. शिवी द्यायची तर गाढव. आणि कुंभाराचं सगळं घर गाढवाच्या पाठीवर. माती त्याच्यावर येते, मडकी त्याच्यावर बाजारात जातात. तात्यांकडे काशी नावाची गाढवीण होती. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो, तिथून आणलेली. तिच्या डाव्या कानाचा शेंडा कुत्र्याने तोडला होता. तात्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग माझीच काशी करतो."

गावतळं आटलेलं, त्यामुळे तळातला गाळ उघडा पडला होता. अशी मऊ माती एरवी मिळत नाही. काशीच्याच पाठीवर ती माती आली. प्रश्न पाण्याचा. प्यायच्या पाण्याला लोक रात्रभर विहिरीवर बसत होते, मातीला पाणी कोण देणार? वस्तीवरच्या बायकांनी भांडी विसळलेलं पाणी साठवून दिलं, घरटी एक तांब्या. मातीला चिरा जाऊ नयेत म्हणून कुंभार तिच्यात राख आणि लीद मिसळतात. लीद काशीचीच. म्हणजे आमच्या गव्हाणीतल्या बाळाच्या मातीतही काशी आहे.

मी रोज शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. तात्यांनी चाकाला हात लावला नाही, सगळं बोटांनी केलं. योसेफाला मुंडासं बांधलं आणि हातात वाकस दिली. मरियेला नऊवारी, पदर डोक्यावरून. मेंढपाळांच्या खांद्यावर घोंगडी. मागींना फेटे, आणि एकाला झुबकेदार मिशा. बैल पोळ्याचाच, वशिंडाचा, पाठीवर झूल. आणि काशी. तिला त्यांनी सगळ्यात जास्त वेळ दिला. मान थोडी खाली, पाठीवर गोणी टाकून गुळगुळीत झालेली जागा, आणि डावा कान अर्धा. आवा लावायला जळण नव्हतं, म्हणून चार मडक्यांच्या पोटात ही चित्रं ठेवून एकदाच भाजली. रंग म्हणजे गेरू, चुना, हळद आणि काजळ. दादांनी त्याचे पैसे दिले आणि वर पायलीभर ज्वारी. तात्यांनी ज्वारी आधी घेतली, पैसे मागाहून.

चोवीस तारखेची रात्र. उपासनेच्या आधी आमच्या वडीलधाऱ्यांनी कडब्याच्या पेंढ्यांचा गोठा करून चित्रं मांडली. तेवढ्यात दारात तात्या आणि तात्यांच्या घरच्या उभ्या. त्या काळी गावातली माणसं आमच्या वस्तीवर सहज येत नसत. आली तरी दारातून बोलत. त्या रात्री दोघं चपला काढून आत आले आणि पुढे येऊन बसले. मांडणी बघितली. बैल गव्हाणीपाशी होता, मागी समोर होते, आणि काशी मागे कोपऱ्यात, पेंढीच्या आड. अर्धी दिसत होती.

तात्या उठले. पाळकसाहेबांना म्हणाले, "म्हाराज, ती मागं का?"

कुणालाच उत्तर सुचेना. पाळकसाहेब पुढे झाले. त्यांनी काशी उचलली आणि गव्हाणीला लागून, बाळाच्या उशाशी ठेवली. मग बायबल उघडून यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढला. त्यात आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाण ओळखतं, माणसं मात्र ओळखत नाहीत. शुभवर्तमानांत गोठ्यातल्या बैल-गाढवाचा शब्दही नाही, ते आले ते या वचनातून. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाण मांडली, तेव्हा जिवंत बैल आणि गाढव आणून उभे केले होते. पण हे सगळं मी पुढे वाचलं. त्या रात्री पाळकसाहेबांनी ते एक वचन वाचलं, आणि तात्यांच्या घरच्या मोठ्याने म्हणाल्या, "आयकलं का? आपल्या काशीचं लिवलंय."

मग पेटी-तबल्यावर भजनं झाली. नारायण वामन टिळकांची भजनं आमच्याकडे झांजा घेऊनच म्हणतात, आणि माझं ठाम मत आहे की ती तशीच म्हणावीत. त्या रात्री झांजा तात्यांनी वाजवल्या. गावात ते भजनी मंडळात होते, हात बसलेला होता. नंतर मिलोची भाकरी आणि गुळाचा चहा. त्या नाताळला फराळ नव्हताच.

पुढे दादांची बदली झाली. वस्तीवर नवं चर्च झालं, त्यात विकत आणलेली मोठी चित्रं आली, तेव्हा जुनी मंडळींनी दादांना दिली. आता ती माझ्या ट्रंकेत असतात. मरियेचा गेरू पुसट झालाय, एका मागीचा फेटा उडालाय. पाहुणे आले की काशीचा कान बघतात आणि म्हणतात, अहो, हे तुटलंय, चिकटवून देऊ का? मी त्यांना बसवते, चहा टाकते आणि आत्ता तुम्हाला सांगितली ती सगळी गोष्ट सांगते.

मांडायची पद्धत एवढीच: आधी काशी, मग बाकी सगळे. बाळ चोवीसच्या रात्री. मागींना मी पहिल्या दिवशी गव्हाणीपाशी आणत नाही. ते खिडकीत असतात, रोज थोडे पुढे सरकतात आणि ६ जानेवारीला पोहोचतात. तो त्यांचा दिवस. गोव्यात रेईश मागुशला त्या दिवशी तीन मुलं मागींचा, म्हणजे तीन राजांचा, पोशाख करून घोड्यावरून मिरवत चर्चला येतात. म्हणून सव्वीस तारखेलाच सजावट काढून टाकू नका हो! नाताळ बारा दिवसांचा असतो. पुन्हा सांगते, बारा दिवसांचा. आणि काढताना मातीची चित्रं नीट पुसून, कोरडी करून, सुती कापडात ठेवा.

यंदा माझी नात मागींना रोज पुढे सरकवणार आहे. तिने आत्ताच विचारलं आहे, की त्यांनाही काशीवर बसवलं तर लवकर पोहोचतील का. मी हो म्हटलं आहे.

तुम्हा सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. फराळाला या. नमस्कार.